मागचं झाकण

"काका, हे झाकण या घड्याळाचं नाही," घड्याळवाली म्हणाली. डोळ्यावरचं भिंग तिनं कपाळावर सरकवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली, जणू पुढचं वाक्य आता त्यानं बोलायचं होतं.

काही सुचलं नाही की तो जे करायचा तेच त्यानं केलं. ओशाळून हसला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण दुकानदारापुढे, डॉक्टरपुढे, बँकेतल्या पोरीपुढे उभा राहिला की अजून त्याला वाटायचं, काहीतरी चुकीचा कागद आणलाय आपण. आत्ताही क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाचं घड्याळ घेऊन आलो की काय. आठ दिवसांपूर्वी आईनं कपाटातून काढून दिलेली ती रुमालाची पुरचुंडी त्यानं स्वतः खिशात घातली होती, रस्त्यात तीनदा चाचपली होती. घड्याळ तेच होतं. समोर हिरव्या कापडावर पडलं होतं, उताणं, उघडं, आणि आत एक बारीक चाक इकडेतिकडे धावत होतं. चोपन्न वर्षांनी चालू झालं होतं.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मशीन तुमचं, ते बसतं ती डबी तुमची. झाकण दुसऱ्याचं. या. इकडून या, उजेडात." तिनं स्टूल पुढे सरकवलं. चाळिशीची बाई, बोटांची नखं अगदी मुळापासून कापलेली. वडिलांच्या मागं दुकान तिनं चालवायला घेतलं होतं आणि वडिलांचाच डगला घालून बसायची, बाह्या दोनदा दुमडून. "हे कंपनीवाले झाकणाच्या आतून नंबर ठोकायचे. त्यातले शेवटचे तीन आकडे डबीच्या कडेलाही. जोडी चुकू नये म्हणून. घ्या भिंग. डबीवर काय दिसतंय?"

"तीन... नऊ... दोन."

"आणि झाकणावर?"

भिंगातून सगळं तरंगत होतं. त्यानं श्वास धरला. "चार एक सात."

"झालं तर."

"बदललं असेल कुणी," तो म्हणाला. "खराब झालं म्हणून."

"मलाही तेच वाटलं. पण त्या नंबराच्या खाली बघा. ओरखडे दिसतात? आम्ही घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईनं लिहून ठेवतो. महिना, साल, आपापली खूण. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कुणी कधी हात लावलाय. माझे वडील करायचे, मी पण करते. यात तीन आहेत. पाच चौसष्ट. अकरा सहासष्ट. आठ सत्तर. तुमच्या वडिलांनी हे घेतलं कधी म्हणालात?"

"सदुसष्ट. डिसेंबर."

"जुनं घेतलं होतं?"

"नवं," तो म्हणाला. "कोरं." आणि तो शब्द आपल्या तोंडून वडिलांच्या आवाजात निघाला हे ऐकून दचकला.

"मग घ्यायच्या आधी दोनदा दुरुस्त कसं झालं?" ती समजूत घातल्यासारखं बोलत होती. "सत्तरच्या ऑगस्टमध्ये तुमचं घड्याळ कुणाकडे तरी गेलं होतं. त्यानं त्याच दिवशी ह्याच बनावटीचं दुसरं एक उघडलं होतं. झाकणात खूण ओरखडली की ते तसंच ठेवतात, आतली बाजू वर. बाहेर काही कोरलेलं असलं तर ते खाली जातं, दिसतच नाही. लावताना ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. माप एकच, खट्‌कन बसतं. माझ्या हातून एकदा झालंय हे. वडिलांनी असा कान उपटला होता की दोन दिवस टिकटिक एकाच बाजूनं ऐकू यायची." ती हसली. तो हसत नाही हे बघून थांबली. "बसा ना काका. पाणी देऊ?"

पाणी नको म्हणाला, आणि मग तिनं दिलेला पेला दोन्ही हातांनी धरून बसला. भिंतीवर दहा-बारा घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. त्याला उगाचच वाटलं, कुणीतरी ही सगळी एकदा लावून घ्यायला पाहिजेत. घड्याळवालीनं चिमट्यानं झाकण उलटं केलं आणि ती अक्षरं वर आली. ती बघायला त्याला भिंग लागत नव्हतं, डोळेही लागत नव्हते. तिरक्या वळणाची, कुणातरी चांगल्या हाताच्या कोरणाऱ्याची दोन ओळींतली अक्षरं. वेळेवर येत जा. तुझी, व.

तेरा वर्षांचा होता तो. दिसेल ते वाचायचा. पुडीचे कागद, बसची तिकिटं, औषधाच्या बाटल्या. मामा त्याला पंडित म्हणायचा. दुरुस्त झालेलं घड्याळ आणायला वडिलांनी त्याला पाठवलं होतं, आणि परत येताना त्यानं ते पालथं करून बघितलं, कारण पालथं करून बघितल्याशिवाय त्याला कुठलीच वस्तू आपल्याला कळली असं वाटायचं नाही. एवढ्याशा जागेत एवढी सुबक अक्षरं! त्याला केवढा आनंद झाला होता. अर्थाकडे त्याचं लक्षच नव्हतं. घरात शिरल्या शिरल्या तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आईचे हात ओले होते, पाठ त्याच्याकडे होती. "आई, ऐक, बाबांच्या घड्याळावर काय लिहिलंय," असं म्हणून त्यानं वाचलं. नुसतं वाचलं नाही. वक्तृत्वाच्या बक्षिसाला उभा राहिल्यासारखं, खणखणीत, विरामचिन्हांसकट वाचलं. तुझी म्हणून थांबला आणि मग व म्हणाला. आईनं नळ बंद केला. त्या नळाचा आवाज बंद झाल्यावर घरात जी शांतता झाली ती नंतर वडील जाईपर्यंत, एकतीस वर्षं, पुरली.

वडील दोन वर्षं दुसऱ्या गावी बदलीवर होते. एकटे. परत आले ते हातात घड्याळ घालून. स्वतःच्या चपलेला चार वेळा अंगठा शिवून घेणारा माणूस घड्याळ कसा घेतो, हे कोडं आईच्या मनात तेव्हापासून बसलेलंच होतं. त्या संध्याकाळी तिला उत्तर मिळालं. वडिलांनी अक्षरं बघितली, चष्मा काढून परत बघितली आणि म्हणाले, "हे माझं नाही." दुसऱ्या दिवशी ते दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं वही उघडून मशीनचा नंबर ताडून दाखवला. साहेब, आम्ही कोरायचं काम करत नाही, घड्याळ तुमचंच आहे. काट्याजवळचा तो तपकिरी डाग, पट्ट्याचं वाढवून घेतलेलं भोक, सगळं त्यांचंच होतं. आणि वडील असे सरळ की घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. घड्याळ माझंच आहे म्हणतोय. मामानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यानं दाराआडून ऐकलं होतं, "अहो भावोजी, जुनं घेतलं होतं म्हणून सांगून टाका की. आधीच्या माणसाचं असेल म्हणावं. मिटलं." वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण मी कोरं घेतलं होतं. ते खोटं होईल." मामानं कपाळाला हात लावला. तेव्हा दाराआड उभ्या असलेल्या त्यालाही वाटलं होतं, नुसतं घाबरलेला माणूस एवढा वेळ घेत नाही. वडील काहीतरी लपवताहेत. त्यानं त्या क्षणी आईची बाजू घेतली आणि ती मग कधी सोडली नाही.

"काका," घड्याळवाली म्हणाली, "तुमच्या आईंनी सांगितलंय ना, मागचं घासून द्या? मी तेवढंच राहू दिलंय. असं कोरलेलं घासायला माझा हात होत नाही, पण घड्याळ तुमचं. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर माझ्याकडे ह्या मापाचं साधं झाकण आहे, मोडीतल्या घड्याळाचं, ते लावते आणि हे पाकिटात घालून देते. काय करू?"

"मी जरा येतो," तो म्हणाला. "जाऊन येतो."

बाहेर ऊन होतं. तो दुकानाच्या पायरीवरून उतरला आणि कुठे जायचं ते न ठरवता चालू लागला. एका दुकानाच्या पाटीवर अनुस्वार चुकला होता आणि नेहमीसारखा तो तिथे अडकला. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली त्यानं. लोकांची पुस्तकं, लोकांच्या चुका. नवीन येणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा, नुसतं वाचू नका, मूळ प्रतीशी ताडून बघा, वाचायला छान लागतं म्हणून ते बरोबर असतं असं नाही. हे तो सांगायचा! तो एका बंद दुकानाच्या फळीवर बसला. वडील एकतीस वर्षं घड्याळाशिवाय राहिले होते. आईनं ते कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली होती, आणि त्यांनी दुसरं घेतलं नाही. घ्यायची लाज वाटली असेल, की धीर झाला नसेल? रस्त्यात अनोळखी माणसांना थांबवून ते विचारायचे, किती वाजले हो? आणि संध्याकाळी धापा टाकत घरी यायचे. कारण उशीर झाला की आई काही बोलायची नाही, नुसतं त्याला म्हणायची, "तुझ्या वडिलांना विचार, जेवणार आहेत की जेवून आलेत." तो विचारायचा. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाला, बाबा, जेवणार आहात का? त्यात त्याला एक प्रकारचं मोठेपण वाटायचं, हेही आज आठवलं. घरातली सगळी वाक्यं त्याच्या हातून जायची. आणि शेवटच्या आजारपणात एकदा वडील त्याला म्हणाले होते, "मी मागं कधी बघितलंच नव्हतं रे. दुकानदारानं हातात घातलं, मी घालून चाललो. असेल बाबा तेव्हापासूनच." म्हणजे शेवटी त्यांनी स्वतःवरचाही विश्वास सोडला होता. आणि तो पलंगाशी बसून मनात म्हणाला होता, कबूल केलं एकदाचं. त्यानं त्यांचं तोंड पुसलं होतं. प्रेमानं पुसलं होतं का? आता ते आठवेना. ज्याच्यात काही लपलेलंच नव्हतं त्या माणसाकडे तो आयुष्यभर बारीक डोळे करून बघत आला होता.

आणि आता आई. एकोणनव्वद वर्षांची. महिन्यापूर्वी ताप उतरल्यावर एका सकाळी ती उठून बसली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, मी त्यांना माफ केलं." जणू रात्रभर जागून एक मोठं गाठोडं बांधून संपवलं होतं. तपासायला आलेल्या डॉक्टरलाही तिनं ते सांगितलं. शेजारणीला सांगितलं. कुणाला, कशाबद्दल, हे त्यांना काय ठाऊक, पण सगळे बरं झालं म्हणाले. त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा ती सकाळी उशिरा उठली, आणि घाबरून त्याच्या बायकोनं तिच्या नाकाशी बोट धरून बघितलं होतं. मग तिनं कपाट उघडलं. घड्याळ चालू करून आण, मागचं घासून घे, नातीला देऊ, नोकरीला लागली आहे, वेळ बघायला लागेल. हे बोलताना तिचा चेहरा केवढा मोकळा होता. आता तो घरी जाणार आणि काय सांगणार? की तू माफ केलंस ते फुकट गेलं? दोन मिनिटांचं काम. घासून घ्यावं, घड्याळ नेऊन हातात द्यावं, झोपू द्यावं तिला. किती दिवस राहिलेत? हे दयेचं दिसत होतं, पण त्यात त्याची नेहमीची भीतीही होती आणि ती त्याच्या ओळखीची होती. घासलं तर आतले आकडे राहतील, पण ती अक्षरं त्याच झाकणावर होती हा वडिलांच्या बाजूचा एकमेव पुरावा जाईल. तोही पुन्हा त्याच्याच हातून जाईल. आणि तो गेल्यावर, आई गेल्यावर, वडील कायमचे माफ केलेले राहतील.

तो परत दुकानात गेला तेव्हा घड्याळवाली दुसऱ्याच कुठल्या घड्याळात डोकं खुपसून बसली होती. "घासू नका," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "आहे तसंच द्या. तेच झाकण. आणि ते नंबर मला एका कागदावर लिहून द्या. तुमच्या सहीनं."

"सही कशाला?"

"माझ्यावर कुणी विश्वास ठेवेल असं मला वाटत नाही."

तिनं लिहून दिलं. खाली सहीऐवजी सवयीनं आपली खूण काढली, मग हसून सहीही केली.

जिना चढताना त्यानं वाक्यं जुळवली होती. दार बायकोनं उघडलं. "इतका वेळ? घड्याळ बनवायलाच बसला होतात की काय? आणि चेहरा असा काय, बरं आहे ना?" त्यानं तिला हातानंच थांबवलं आणि चपला घालूनच आत गेला. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून तिच्या पद्धतीनं घड्या घालत होती.

"आणलंस? चालतंय?" तिनं घड्याळ कानाला लावलं. ऐकू येत नव्हतं, तरी मान डोलावली. "घासलं?"

"नाही."

"का? जास्त सांगितले का तिनं?"

"आई," तो म्हणाला. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "ते झाकण बाबांच्या घड्याळाचं नाहीच. दुरुस्तीवाल्यानं अदलाबदल केली होती. ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे." मग त्यानं सगळं सांगितलं, उलटसुलट, आधी साल मग नंबर, मध्येच कागद काढून, बोट ठेवून, वाचून. आपण वाचतोय हे लक्षात आलं तसा तो अडखळला. आईनं हातातली घडी मांडीवर ठेवली होती.

"चौसष्ट म्हणालास?"

"पाच चौसष्ट."

"तेव्हा आपण पत्र्याच्या खोलीत होतो," ती म्हणाली. "घड्याळ कुठलं? भोंग्यावर उठायचे ते."

"हो."

"नक्की?"

"आकडे आहेत आई. मी स्वतः बघितले. भिंगातून." मग त्याच्या घशातून ते बाहेर पडलं. "मी वाचलं तेव्हा. मीच वाचून दाखवलं तुला. मी जर..."

"तू वाचलंस," आई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तू तेरा वर्षांचा. तू वाचलंस ते मी ऐकलं. ते म्हणाले माझं नाही, तेही मी ऐकलंच होतं की. त्याच कानांनी." बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घेत होतं, पुढे घेत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत, आणि पुसून झाले तरी पुसतच होती. "मग मागच्या महिन्यात," आई म्हणाली, "मी माफ केलं ते कुणाला?"

बायको पुढे झाली. "आई, जाऊ द्या आता. झालं ते झालं. बाबांच्या नावाला लागलेलं गेलं ना, हे चांगलंच झालं. पाणी आणू?" आईनं मान हलवली. रडेल असं त्याला वाटत होतं. रडली असती तर बरं झालं असतं, त्याला काहीतरी करता आलं असतं, पेला धरता आला असता, पाठीवर हात ठेवता आला असता. पण तिचे डोळे कोरडे होते आणि कशावर तरी टक लावून होते, जे खोलीत नव्हतं. ओठ हलत होते. ती काहीतरी जुळवत होती, मागून पुढे, पुढून मागे.

"आणि ती?" आई एकदम म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? ती व." चोपन्न वर्षांत आईच्या तोंडून ते अक्षर त्यानं पहिल्यांदा ऐकलं. "आपलं झाकण तिकडे गेलं ना? तिच्या माणसाच्या घड्याळाला? आपलं कोरं होतं."

"हो," तो म्हणाला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानात नाही, फळीवर नाही, जिन्यात नाही.

"तिनं एवढ्या हौसेनं कोरून दिलं असेल. आणि एक दिवस पालथं करून बघितलं तर काही नाही." आईनं खुर्चीचे हात धरले. "तिला वाटलं असेल, ह्यानं माझं घासून टाकलं. अरे, त्यानं कितीही सांगितलं असेल तरी तिनं ऐकलं असेल का? तिला कुणी सांगितलं का? आपल्याला निदान आज कळलं. तिला कुणी सांगितलं?"

"आई, आता कसं... नाव नाही, गाव नाही..."

"माझ्याच वयाची असेल," आई म्हणाली, आणि मांडीवरचे कपडे खाली पडू देत खुर्चीतून उठायला लागली. कुठे जायचं ते ठाऊक नसल्यासारखी, पण आत्ताच्या आत्ता निघायला हवं अशी.